वहीतली गावे



रविवारी सकाळी सायकलवरून गावाबाहेर फिरायला जाणारा माणूस म्हटला की डोळ्यांपुढे काय येते? डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे आणि खाली महागडी गीअरची सायकल. आमच्या नगरमध्येही आता असे उत्साही गट आहेत आणि पहाटे त्यांना जाताना पाहून मला बरेच वाटते. मी मात्र त्यांच्यातला नाही. माझी सायकल काळी, दांड्याची, अठ्ठावीस इंची चाकांची. वजन वीस किलोच्या आसपास. अंगात सदरा, पायात चपला आणि पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाला पत्र्याची क्लिप. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात सातचा आकडा आहे. हा सात कुठून आला, हे सांगितल्याशिवाय माझ्या भटकंतीची गोष्ट सुरू होत नाही.

माझ्या वडिलांचे माळीवाडा बसस्थानकाजवळ सायकलचे दुकान होते. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. पंक्चर काढणे, चाकाचा आउट काढणे, छर्रे बदलणे ही कामे आत आणि बाहेर भाड्याच्या बारा सायकली ओळीने उभ्या. शहरातल्या पोरांपेक्षा अब्बांचे खरे गिऱ्हाईक खेड्यांतले. सकाळच्या एसटीने माणूस नगरला उतरायचा. त्याला कोर्टात तारीख असायची, कचेरीत उतारा काढायचा असायचा, सिव्हिल हॉस्पिटलात कोणाला तरी डबा द्यायचा असायचा. टांग्याला पैसे घालवण्यापेक्षा तो तासाच्या भाड्याने सायकल घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीआधी आणून लावायचा.

अब्बा अनामत रक्कम घेत नसत. एक लांबट वही असायची. तिच्यात रकाने आखलेले: सायकलचा नंबर, नाव, गाव, गेली, आली, पैसे. बस्स. कोणी म्हणाले, "चाचा, एखादा पळवील की!" तर ते दखनीत म्हणायचे, "नाम तो कोई बी लिखेगा, गाँव झूटा नई लिखते लोगां." नाव माणूस खोटे सांगेल, पण गाव खोटे सांगताना त्याची जीभ अडखळते, असा त्यांचा अनुभव होता.

पुढे खेड्यांतून मोटारसायकली आल्या, शहरात रिक्षा वाढल्या. 1996 साली दुकान बंद झाले. अब्बा 2009 मध्ये गेले. घर बदलताना 2019 मध्ये एक ट्रंक उघडली, तर वह्यांची वाळवीने माती केलेली. एकच वही शाबूत निघाली आणि ती होती 1972 सालची. दुष्काळाच्या वर्षाची. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो.

वही चाळताना माझ्या लक्षात आले, की आपण कविता लिहितो, नगर जिल्ह्यावर अभिमानाने बोलतो. पण या वहीतली निम्मी गावे आपण फक्त एसटीच्या पाटीवर वाचली आहेत. डोंगरगण, पिंपळगाव माळवी, जेऊर, अरणगाव, जखणगाव, हिवरे बाजार, टाकळी काझी, भातोडी. ही सगळी माणसे आयुष्यभर आमच्या दारात येत राहिली. आमच्या घरातले कोणी त्यांच्या दारात गेले नाही. अब्बांनी हजारो सायकली गावांकडून आलेल्या माणसांच्या हाती दिल्या. स्वतः ते नगरच्या वेशीबाहेर सायकलवर कधी गेले नाहीत. दुकान सोडून जाणार कसे?

त्याच सुमारास डॉक्टरांनी रक्तातली साखर दाखवून चालायला सांगितले होते. टाळेबंदी उठल्यावर, 2020 च्या दिवाळीत मी माळ्यावरची सात नंबरची सायकल खाली काढली. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर नवे घातले, चेनला तेल दिले. त्याच वर्षी 3 जूनला, जागतिक सायकल दिनीच, अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी आली होती. अब्बांच्या बारापैकी सात सायकली अ‍ॅटलास होत्या. ती बातमी वाचून मला दुकान दुसऱ्यांदा बंद झाल्यासारखे वाटले होते. म्हणून ठरवले, एका रविवारी एक गाव. वहीतले.

आता थोडे उपयोगाचे बोलतो. नगर हे सायकलवाल्याला फार सोयीचे गाव आहे. पुणे, दौंड, सोलापूर, जामखेड, पाथर्डी, छत्रपती संभाजीनगर, मनमाड आणि कल्याण असे आठ मोठे रस्ते इथून चाकाच्या आऱ्यांसारखे फुटतात. कोणत्याही आऱ्यावर तास-दीड तास पॅडल मारले, की तुम्ही शेतात असता. मात्र हे मोठे रस्ते आता सायकलचे राहिलेले नाहीत. शहरात 2022 मध्ये उड्डाणपूल झाला, बाहेरून वळणरस्ता झाला, मालमोटारींचा वेग वाढला. म्हणून मोठ्या रस्त्यावर अंधारात जायचे नाही. फटफटले की निघायचे, मागे लाल दिवा लावायचा आणि पहिल्या संधीला गावरस्त्याला लागायचे. गावरस्ता दोन-चार किलोमीटर लांब पडतो, पण तिथे तुम्ही जिवंत असता.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पावसाळ्यात आमच्या पठारावर वारा पश्चिमेचा असतो आणि तो नुसता वारा नसतो, छातीवर ठेवलेला हात असतो. पहिल्याच पावसाळ्यात मी पूर्वेला पाथर्डी रस्त्याने गेलो. जाताना वाटले, वय दहा वर्षांनी कमी झाले. परत येताना ती दहा वर्षे व्याजासकट वसूल झाली. तेव्हापासून नियम केला, की आषाढ-श्रावणात आधी पश्चिमेला, वाऱ्याच्या तोंडावर जायचे आणि थकल्यावर वाऱ्यानेच घरी आणून सोडायचे.

या नियमाने मी हिवरे बाजारला गेलो. कल्याण रस्त्याने नेप्ती मागे टाकून जखणगावच्या बाजूने अंदाजे सतरा किलोमीटर. वहीत हिवरे बाजारची नावे त्या एका वर्षात अनेकदा आली आहेत. दुष्काळात माणूस शहराकडे काम शोधत येणार, दुसरे काय करणार? आज त्या गावात जाताना दोन्ही अंगांना झाडी लागते, डोंगरउतारावर समतल चर दिसतात. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले आणि गावाने पाणी अडवले, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरवले, दरवर्षी पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरवायला सुरुवात केली. त्यांना 2020 ची पद्मश्री जाहीर झाली, हे आपण जाणताच. मोटारीतून येणारे पाहुणे हे सगळे फलकावर वाचतात. मला ते मांड्यांना कळले. जिथे ऊन लागत होते तिथे गारवा लागला, तेव्हा गावाची हद्द आली हे समजले.

पूर्वेला तेरा-एक किलोमीटरवर चांदबीबीचा महाल आहे. भिंगार ओलांडले की डोंगरावरची ती आठ कोनांची इमारत दिसू लागते आणि मग बराच वेळ नुसती दिसतच राहते, जवळ येत नाही. शेवटचा चढ मी सायकल हातात धरून चढतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. नगरकर तिला चांदबीबीचा महाल म्हणतात, पण ती कबर आहे निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची. चांदबीबीने 1595-96 मध्ये मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढवला, म्हणून लोकांनी सगळ्यांत उंच जागा तिच्या नावावर करून टाकली. कागदावर एक नाव आणि तोंडात दुसरे, याची नगरला सवय आहे. 2024 पासून आमचे शहर आणि जिल्हा सरकारदरबारी अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई होळकर आमच्याच जिल्ह्यातल्या चोंडीच्या. बसच्या पाट्या बदलल्या. तरी वाहक मात्र "नगर, नगर" अशीच आरोळी ठोकतो.

दक्षिणेला दौंड रस्त्यावर अरणगाव. जेमतेम नऊ किलोमीटर, म्हणून नवशिक्याने पहिली फेरी इथेच करावी. तिथल्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. 10 जुलै 1925 पासून त्यांनी जे मौन धरले, ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवीपर्यंत. जवळजवळ 44 वर्षे. नभोवाणीवर बोलायला आलेल्या माणसाने हे सांगताना जरा लाजायला हवे.

उत्तरेला वांबोरीच्या रस्त्याला डोंगरगण. आधी पिंपळगाव माळवीचा तलाव लागतो, मग मांजरसुंब्याचा डोंगर दिसतो आणि रस्ता एका हिरव्या घळीपाशी येतो. इंग्रज अधिकाऱ्यांनी या जागेला 'हॅपी व्हॅली' नाव दिले होते. रामेश्वराचे देऊळ आहे, पावसाळ्यात पाणी खळाळते. तिथे मला वहीतले पहिले माणूस भेटले. म्हणजे माणूस वहीतला नव्हता, त्यांचे थोरले बंधू वहीत होते. ऐंशीच्या घरातले ते आजोबा पारावर बसले होते. सातचा आकडा पाहून ते हसले. म्हणाले, "ही भाड्याची सायकल हाय. माळीवाड्याची. नगरात दवाखान्यात बायकोला कॅरियरवर बसवून नेलीय मी असल्या सायकलीवर. दुकानदार म्हणला, बाई माणूस हाय, सीटखालची स्प्रिंग नीट असलेली घे, नऊ नंबरची." हे सांगणारा माणूस माझ्या वडिलांविषयी बोलत होता आणि मला ते ठाऊक नव्हते. चोवीस वर्षे मी त्या दुकानात वावरलो, पण नऊ नंबरची स्प्रिंग चांगली होती, हे मला डोंगरगणला कळले.

खरे सांगायचे तर सुरुवातीला मला एक संकोच होता. खेड्यात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न असतो, "पाव्हणं कुठलं?" त्याचे उत्तर सोपे आहे. दुसरा प्रश्न असतो, "आडनाव काय?" लहानपणी मी हे उत्तर सहज द्यायचो. अलीकडच्या काळात देताना क्षणभर थांबतो. कारणे तुम्ही वर्तमानपत्रात वाचता, मी वेगळी सांगत नाही. जेऊरच्या वाटेवर एका वस्तीवर पाणी प्यायला थांबलो, तेव्हा तिथल्या शेतकऱ्याने हाच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "शेख." तो खाली वाकला, माझे पुढचे चाक अंगठ्याने दाबले आणि म्हणाला, "हवा कमी हाय पुढच्या चाकात." आणि पोराला पंप आणायला पाठवले. माझ्या थांबण्याला त्याने दिलेले हे उत्तर मी अजून विसरलो नाही.

म्हणून मी म्हणतो, सायकलवाल्याला हाक मारता येते. मोटारीच्या काचेला हाक लागत नाही, मोटारसायकलच्या आवाजात ती विरते. सायकल मात्र बोलण्याच्या वेगाने चालते. बांधावरचा माणूस "कुठं चालला?" म्हणेपर्यंत तुम्ही त्याच्यासमोरच असता. शिवाय सायकलवाल्याला सगळ्यांची गरज पडते. पाणी हवे, वाट हवी, कधी हवा हवी. घरून सगळे बरोबर घेऊन निघालेल्या माणसाला कोणाच्या दारात थांबावे लागत नाही, आणि मला वाटते, त्याची सहल तिथेच चुकते.

आता वहीतली शेवटची गोष्ट.

वहीत प्रत्येक ओळीला 'गेली' आणि 'आली' अशा दोन वेळा आहेत. एका ओळीत 'आली'चा रकाना कोरा आहे. सायकल नंबर चार. नाव आहे, गाव आहे, निघाल्याची वेळ सकाळी सव्वादहा. अम्मीला विचारले. तिला लख्ख आठवत होते. त्या काळी नवी सायकल म्हणजे अब्बांची दोन महिन्यांची कमाई. घरात तेव्हा रेशनची मिलो शिजत होती. अम्मी म्हणाली, "मी रोज म्हणत होते, गाव लिहिलंय ना, जा आणि घेऊन या. ते गेले नाहीत. पुढच्या आठवड्यात गणू पेंटरकडून पाचाचा चार करून घेतला नाही, एवढंच. चार नंबर तसाच रिकामा ठेवला."

त्या गावाचे नाव मी सांगणार नाही. इतक्या वर्षांनी कोणाच्या घराकडे बोट नको. नगरपासून वीस-बावीस किलोमीटर, एवढे पुरे. मी तीन वर्षे त्या गावाला चुकवून बाकीची गावे फिरलो. भातोडीला जाऊन आलो. निजामशाहीपासूनचा तो तलाव पाहिला. 1624 मध्ये मलिक अंबरने शत्रूच्या छावणीवर त्याचेच पाणी सोडून लढाई फिरवली, शहाजीराजांचे बंधू शरीफजी तिथेच पडले, हे सगळे काठावर बसून आठवले. चारशे वर्षांपूर्वीच्या लढाईच्या जागी जायला मला काही वाटले नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका सायकलच्या गावी जायला मात्र पाय उचलेना. जाऊन म्हणणार काय? तुमच्या वडिलांनी आमची सायकल नेली? आणि ते सांगणार कोण, तर शहरातून वही घेऊन आलेला एक परका माणूस?

गेल्या हिवाळ्यात गेलो. पारावर नाव सांगितले, घर विचारले. ते गृहस्थ कधीच वारले होते, पण मुलगा मळ्यात असतो असे कळले. मळ्यात गेलो. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. "तुमच्या वडिलांची आणि माझ्या वडिलांची ओळख होती," एवढेच मी म्हणालो. वही पिशवीत होती.

त्यांनी घोंगडी टाकली. माझ्या सायकलकडे पाहिले आणि स्वतःहून बोलू लागले. म्हणाले, "आमच्याकडंबी अशीच काळी सायकल व्हती. दुष्काळात वडील नगराहून घेऊन आले. खडी फोडायच्या कामावर नऊ मैल लांब जायचे तिच्यावर. येताना डब्यात सुकडी आणायचे. पुढं मी तिच्यावरच हायस्कूलला गेलो, माझ्यामागं बहिणी गेल्या. मागच्या मडगार्डवर चारचा आकडा व्हता. आम्ही चार भावंडं. आम्हाला वाटायचं, वडलांनी आमच्यासाठीच काढून घेतलाय."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे होतेही काय? त्या रकान्यात बावन्न वर्षे जे कोरे होते, ते मला तिथे वाचायला मिळाले. चार मुलांनी तो आकडा आपला मानला होता. मी वही काढून तो त्यांच्याकडून परत घेणार होतो का?

हुरड्याचे दिवस होते. त्यांनी आगटी पेटवली, कणसे भाजली, हातावर चोळून गरम हुरडा दिला. बरोबर लसणाची चटणी. निघताना कोवळ्या कणसांची पेंढी माझ्या कॅरियरला स्वतः सुतळीने बांधली. बांधताना सहज म्हणाले, "कॅरियर घट्ट हाय. दुकानदारानं जीव लावलाय सायकलीला."

घरी आल्यावर अम्मीला सगळे सांगितले. तिने कणसे निवडता निवडता ऐकून घेतले. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या अब्बांना ठाऊक असणार. खडीच्या कामाला जाणारा माणूस त्यांनी ओळखला नसेल?" मी त्या रकान्यात पेनने काही लिहिले नाही. अब्बांनी तो कोरा ठेवला, मीही ठेवला.

श्रोतेहो, रविवारी माळ्यावरची सायकल खाली काढा. शर्यत लावू नका, किलोमीटर मोजू नका. जवळच्या एखाद्या गावाला जा, ज्याचे नाव तुम्ही फक्त पाटीवर वाचले आहे. कोणी हाक मारली तर थांबा. माझ्या वहीत अजून बरीच गावे आहेत. आणि वहीत नसलेले एक आहे, श्रीगोंदा. 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या शेख महंमदांचे गाव. मराठीत लिहिणाऱ्या शेखाने तिथे सायकलवर जायला हवे, पण एका दिवसात जाऊन येण्याइतके गुडघे उरलेले नाहीत. जाताना सायकलवर आणि येताना एसटीच्या टपावर सायकल टाकून, असा बेत आहे.

शेवटी एकच. मळ्यात लोक काम करताना रेडिओ लावतात. ते गृहस्थ आत्ता ऐकत असतील, तर चारच्या आकड्यावरून त्यांनी ओळखले असेल. कळले असेल तर कळू दे. त्यांना एवढेच सांगतो, की मी हिशेब मागायला आलो नव्हतो. आमची चार नंबरची सायकल कुठवर गेली, ते पाहायला आलो होतो. ती फार चांगल्या ठिकाणी गेली.

पुढच्या हुरड्याला येतो. सायकलवरच.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)